मामांची धुळीच्या पायांची कचेरी

शिरूर कासारच्या बाहेर पाऊल टाकायचा ज्यांना कंटाळा आणि तरीही कित्येक शतकांपूर्वीच्या इंग्लंडातल्या बाजारगावाची गल्लीन् गल्ली ज्यांना पाठ, असे गृहस्थ या भूतलावर एकच असतील, आणि ते माझे थोरले मामा आहेत. मामांचं किराणा दुकान. पुड्या बांधायला आणलेल्या रद्दीत त्यांना एकदा त्या गावाची हकीकत सांगणारं, कव्हर गेलेलं मराठी पुस्तक सापडलं. मामा ते उभ्याउभ्याच वाचायला लागले आणि जिरं मागायला आलेलं गिऱ्हाईक वाट बघून निघून गेलं. शेवटची पानं आधीच हिंगाच्या पुड्यांत गेली होती, त्यामुळे मामांच्या लेखी ते गाव अजून तसंच चालू आहे.

त्या गावाबद्दल ते असं बोलतात की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगी तिथंच दिलीय. बेकरीवाल्याला त्यांनी शांतपणे सांगून ठेवलं, "तिकडं पाव वजनाला कमी भरला, तर गळ्यात पाव बांधून गावातून फिरवत्यात." तेव्हापासून तो मामांना पाव हातात तोलून देतो. मामी एकदा म्हणाली, "तिकडं बायकोला साडी घेत्यात का, ते बी वाचा की." मामा म्हणाले, "ते पान फाटलंय." तिकडं घंटा झाल्याशिवाय खरेदी सुरू होत नाही, म्हणून त्यांनी आठवडी बाजारात शाळेची जुनी घंटा बडवली. दोन म्हशी बुजल्या, एक टमाट्याच्या ढिगातून गेली, आणि भाजीवाल्या बायांनी मामांना जे ऐकवलं ते कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पण त्यांचा खरा जीव जडला तो तिथल्या 'धुळीच्या पायांच्या कचेरी'वर. बाजारातलं भांडण बाजारातच, पायाची धूळ झटकायच्या आत मिटवायचं. "परगावच्या मान्सानं घरी जाताना भांडन डोक्यावर न्यायचं न्हाई," असं म्हणत मामांनी दुकानासमोरच्या लिंबाखाली बाज टाकली. पहिला खटला एका कोंबडीवर हक्क सांगणाऱ्या दोघींचा. मामांनी कोंबडी मोकळी सोडायला लावली. जिच्याकडं जाईल तिची. कोंबडी तडक मामांच्या दुकानात शिरून ज्वारीच्या पोत्यावर बसली.

मग एके दिवशी एक बाई गुळाची पिशवी घेऊन बाजेसमोर उभी राहिली. गूळ वजनात कमी भरला होता.

"कुनाच्या दुकानातला?" मामांनी जरबेनं विचारलं.

"तुमच्याच, आप्पा."

शेजारच्या काट्यावर मोजलं. खरंच कमी. मामांच्या ध्यानात आलं: वाचायच्या नादात परात काट्यावर ठेवली आणि काटा शून्यावर आणायचा राहिला. परातीचं वजन गुळात गेलं होतं. वडलांपासून चालत आलेलं दुकान, आणि भोवती सगळा बाजार जमलेला. बाईलाच कसंनुसं झालं. "जाऊ द्या आप्पा, वर गुळाचा खडा टाका न् मिटवा."

मामांनी खडा टाकला, पण मिटवलं नाही. दुकानातून गुळाची आख्खी ढेप आणली, जुन्या धोतरात बांधून गळ्यात अडकवली आणि मान ताठ ठेवून बाजारातून फिरून आले. मागं माश्या, माश्यांमागं गाव. सुरुवातीला लोक हसत होते. भाजीच्या ओळीपाशी पोचेपर्यंत हसू थांबलं, आणि बेकरीवाला दुकानाची पायरी उतरून हात जोडून उभा राहिला. मामीनं लाजेनं दार लावून घेतलं होतं. संध्याकाळी मात्र तिनंच त्यांची मान शेकली. "लई जड होती का हो?" एवढंच विचारलं.

त्यानंतर बाजेसमोर रांग लागू लागली. स्वतः शिक्षा भोगलेल्या न्यायाधीशाचा निकाल लोक मुकाट ऐकत.

यंदा दिवाळीनंतर मी गेलो, तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर नुकतंच सहा महिन्यांसाठी निघून गेलं होतं. बाजार म्हणजे चार पाट्या भाजी आणि एक चप्पलवाला. मामा बाजेवर एकटेच.

"का असे गप बसलात, मामा?"

"ती गुळाची बाई टोळीबरोबर जायच्या आदल्या दिवशी आलती," ते म्हणाले. "सहा म्हैन्यांचा बाजार माझ्याकडूनच भरला. म्हनली, आप्पा, काट्याकडं बघायची गरज न्हाई."

मी म्हणालो, "मग चांगलंच झालं की."

मामांनी रिकाम्या रस्त्याकडं पाहिलं.

"उसाच्या फडात त्यांची भांडनं होत असतील," ते हळूच म्हणाले. "तिथं त्यांचं कोन ऐकून घेत असंल रे?"