फ्राउकेचा डावा गुडघा

फ्राउकेला दहा उड्या मारायला सांगितल्या की ती दहाच मारायची. वाचायला हे साधं वाटेल, पण वीस वर्षं फिजिओथेरपी करून सांगते, असा माणूस दुर्मीळ. आळशी पेशंट सहा मारून 'झाल्या' म्हणतात. खेळाडू त्याहून वैताग देतात. दहा सांगा, पंधरा मारतात आणि शाबासकीसाठी आपल्या तोंडाकडे बघत राहतात. फ्राउके दहावी उडी संपली की टॉवेल घ्यायची आणि बाकावर बसायची. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, बाईत जिद्दच नाही. तसं मी तिला सुनावलंही. त्यावर ती म्हणाली, "अकरावी उडी गुडघ्यासाठी नसते, मंजू. ती आरशासाठी असते." मला तेव्हा ते जरा आगाऊपणाचं वाटलं होतं.

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, तिचं जर्मन वळणाचं आणि माझं नाशिकच्या. नवरा वीजकंपनीत इंजिनिअर, त्याच्या नोकरीपायी मी सौदीतल्या खमीस मुशैतला आलेली. इथे डोंगरावर थंडीत स्वेटर लागतो हे सांगितलं तर नाशिकच्या माझ्या बहिणीला अजून खरं वाटत नाही. गावात मुलींचा फुटबॉल क्लब निघाला, त्यांना बाई फिजिओ हवी होती, म्हणून मला घेतलं. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नव्हतं. गोल झाला की टाळ्या वाजवायच्या, एवढंच माझं ज्ञान. आणि ते गोल करायला क्लबने जर्मनीहून आणलेली ही पस्तिशीची बाई. अंगाने ताडमाड, दारातून शिरताना मान वाकवायची सवय. 'फ्राउके' हे नाव आमच्या सौदी मुलींच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी तिची 'फरूका' करून टाकली. तीही फरूका म्हटलं की ओ द्यायची.

पायावर बर्फ ठेवून बसली की ती आपली हकिगत सांगायची. उत्तर जर्मनीतलं खेडं, वडिलांच्या गाई. तेरा वर्षांची होईपर्यंत गावातल्या मुलांमध्ये खेळली. मग मुलींनी मुलींतच खेळायचं असा नियम आडवा आला, आणि जवळात जवळ मुलींचा संघ गाडीने तासाच्या अंतरावर. धारा काढून झाल्या की आई तिला गाडीत घालून तिथे न्यायची. विसाव्या वर्षी ती वरच्या लीगमध्ये गोल करत होती आणि सकाळी पोस्टात पत्रं वेगळी करत होती. "टाळ्या लोक वाजवायचे, घरभाडं पोस्ट द्यायचं," असं ती सांगायची. देशाच्या संघाच्या शिबिराला दोनदा बोलावणं आलं आणि दोन्ही वेळा बाकावर बसून ती परत आली. "वाईट नाही वाटलं?" मी विचारलं. "वाटलं ना. मग सोमवार आला," ती म्हणाली आणि बर्फाची पिशवी फिरवून घेतली.

तिचा करार दोन मोसमांचा होता. पहिल्या मोसमाच्या शेवटाला ती हेडर मारायला उडाली, खाली आली आणि डावा गुडघा आतल्या आत फिरला. चोविसाव्या आणि एकोणतिसाव्या वर्षी गेलेला हाच गुडघा. स्ट्रेचर आलं. जाताना तिने तोंडावर टॉवेल घेतला होता. ऑपरेशन झालं तेव्हा ती आता घरी जाईल असंच सगळे धरून चालले होते. आमची कोच सल्वा, ट्युनिशियाची, मनाने मऊ. तिने सुचवलं की उरलेलं वर्ष फ्राउकेने मुलींना शिकवावं. फ्राउके हो म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी कुबड्या घेऊन माझ्या खोलीत आली.

"तीन वेळा मला उचलून बाहेर नेलंय," ती म्हणाली. "आता मला चालत बाहेर यायचंय. एकदाच. मग मी थांबते. पण चालत बाहेर यायला आधी आत जावं लागतं, त्याचं बघ."

गोल, कप, काही नको होतं तिला. एक सामना आणि त्यातून आपल्या पायांनी बाहेर.

पुढचं वर्ष आम्ही दोघींनी त्या गुडघ्यामागे घालवलं. आधी तो वाकेना, मग सरळ होईना, मग सुजायला लागला. मैदानामागच्या डोंगरावरची माकडं कुंपणावर बसून आमचा व्यायाम बघायची. एकाने तिचा रबरी पट्टा पळवला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "त्याला सांग, दिवसातून तीन वेळा, दहा-दहा." मी हसून खाली बसले. त्या वर्षात तिने एक दिवस चुकवला नाही आणि एक उडी जास्त मारली नाही. घरी मी तिच्याविषयी इतकी बोलायचे की एकदा माझी मुलगी म्हणाली, "मम्मा, नो मोअर नी अ‍ॅट डिनर, प्लीज."

शेवटच्या सामन्याच्या तीन दिवस आधी चाचणी ठेवली. चाचणी सोपी असते. एका पायावर लांब उडी मारायची. चांगला पाय जितकं अंतर जाईल, त्याच्या शंभरातले नव्वद तरी दुखऱ्या पायाने जायला हवं. तिचा उजवा पाय दीड मीटर गेला, म्हणजे डाव्याने एकशे पस्तीस सेंटिमीटर जायला हवं होतं. तीन उड्या झाल्या. सर्वांत लांब भरली ती एकशे एकतीस.

सल्वा माझ्या खांद्यावरून टेप बघत होती. "चार सेंटिमीटर!" ती म्हणाली. "यल्ला, चल मंजू, लिही एकशे पस्तीस. टेप सरकली असेल. शेवटची पाच मिनिटं उतरवते, कोण विचारणार आहे?"

खरं सांगते, मी पेन उघडलं होतं. वर्षभर त्या बाईचा घाम पाहिलेला, आणि मला तिला 'नाही' म्हणवत नव्हतं. भीड भिकेची बहीण म्हणतात ते लहानपणापासून ऐकलेलं, पण ऐन वेळी कुणाला आठवतं. फ्राउके वाकली, टेपवरचा आकडा स्वतः वाचला आणि माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

"मंजू, आधीच्या दोन वेळीही कुणीतरी असंच थोडंसं वाढवून लिहिलं होतं," ती म्हणाली. "एकदा डॉक्टरने, एकदा फिजिओने. दोघंही फार चांगली माणसं होती. माझ्यावर माया होती त्यांची. मीच गयावया केली होती."

तिने एकशे एकतीस लिहिलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. मी त्यावर 'अपात्र' लिहून सही केली. मला तिच्यापुढे लाज वाटली, त्याहून जास्त माझी स्वतःची. सल्वा टेप गुंडाळून बाहेर गेली.

तो सामना फ्राउकेने प्रेक्षकांत बसून पाहिला. आम्ही हरलो. तिच्या जागी उतरलेल्या रीमने, एकोणीस वर्षांच्या आमच्या पोरीने, समोर मोकळा गोल असताना चेंडू वरून मारला. मोसम संपला, फ्राउकेच्या कराराचे दोन आठवडे उरले. मला वाटलं, आता ती सामान बांधेल. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती जिममध्ये हजर. मी विचारलं, आता कशासाठी? तर म्हणाली, "चार सेंटिमीटर राहिलेत."

तेराव्या दिवशी ती एकशे छत्तीस गेली. मी टेप दोनदा तपासली. मग 'खेळण्यास पात्र' असा कागद केला, आणि सही केली. "आमच्यात म्हण आहे," मी म्हटलं, "वरातीमागून घोडं. लग्नाची मिरवणूक निघून गेल्यावर नवऱ्याचं घोडं येतं."

"घोडं तर आलं ना?" ती म्हणाली.

कागद तिने सल्वाला दाखवला, सल्वाने रीमला, आणि रीमने सगळ्या मुलींना फोन केले. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या अब्हाहून फ्राउकेचं विमान होतं. सकाळी सहाला सरावाच्या मैदानावर बावीस मुली जमल्या. कित्येकींच्या आया गाडीत बसून बघत होत्या. सल्वा शिट्टी घेऊन पंच झाली. मी वीस मिनिटांची परवानगी दिली, एक मिनिट जास्त नाही.

त्या वीस मिनिटांत विशेष काही घडलं नाही. ती धावली, वळली, एकदा पडली. ती उठली. एकदा तिचा फटका खांबाला लागून परत आला. एकदा तिने रीमला बोटाने जागा दाखवून तिथेच चेंडू दिला, आणि रीमने तो आत घातला. मी टाळ्या वाजवल्या. मग घड्याळात वीस मिनिटं झाली आणि मी हात वर केला.

बदली होताना खेळाडूने जवळच्या रेषेवरून बाहेर पडायचं, असा आता नियम आहे. मलाही एवढं तोवर कळायला लागलं होतं. फ्राउके पलीकडच्या रेषेपासून दोन पावलांवर होती. सल्वाने तिकडे हात दाखवला. फ्राउकेने तो पाहिला आणि ती उलट्या दिशेला वळली. आख्ख्या मैदानाची रुंदी ती चालत आली, सावकाश, घाई न करता. मुली होत्या तिथेच उभ्या राहिल्या. सल्वाने शिट्टी तोंडातून काढली. वर्षभर मी त्या बाईच्या गुडघ्याकडेच बघत आले होते. त्या दिवशी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. ती रडत होती आणि डोळे पुसत नव्हती.

रेषेबाहेर पाऊल टाकून ती माझ्यापाशी थांबली.

"दुखतंय का?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली. "खाली बसू का आता?"