डॅशबोर्डला भोक

सासऱ्यांची गाडी वयाने सासऱ्यांपेक्षा थोडीशीच लहान होती, आणि हट्टीपणात दोघांत डावंउजवं करणं कठीण होतं. जावयाचं स्वतःचं लेथचं वर्कशॉप होतं. आठवडाभर तिथे घासायचं आणि रविवार या दोघांच्या पायी मातीत घालायचा, असं त्याचं चाललं होतं.

मूळ दुखणं गाडीचं नव्हतंच. सासऱ्यांनी जन्मभर गिअर बदलले ते कानाने. इंजिनाचा आवाज थोडा चढला की दुसरा, आणखी चढला की तिसरा. आता कानच गेले होते. गिअर असा करकरायचा की शेजारचे गॅलरीत यायचे, आणि सासरे म्हणायचे, "इंजिन हल्ली फार मऊ चालतं." शेवटी सासूबाईंनी बजावलं, आणखी एकदा करकरला की किल्ली माझ्या कपाटात. त्यावर जावयाच्या बायकोने त्याला बाजूला घेतलं.

"गाडी गेली तर बाबा दिवसभर भिंतीकडे बघत बसतील. डोळ्यांना दिसेल असं काहीतरी बसव ना त्यात."

ते काहीतरी म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारं मीटर. काटा ठरलेल्या रेघेवर आला की गिअर बदलायचा, ऐकायची भानगड नाही. विजेवर चालणारं मीटर तासाभरात बसलं असतं.

"या गाडीत विजेवर फक्त दिवे आणि हॉर्न," सासरे म्हणाले. "बाकी सगळं दातेरी चाकांवर."

म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या डायनॅमोच्या मागच्या टोकाला छोटी गिअरपेटी बसवायची, आणि तिथून नळीत गरगर फिरणारी पिळाची तार मीटरपर्यंत न्यायची. जावयाने पेटी स्वतः बनवली. इंजिन सुरू केलं तर काटा शून्याच्या खुंटीला टेकून उलट्या बाजूला जोर काढत बसला. फिरण्याची दिशा चुकली होती. सासऱ्यांच्या ते आधीच लक्षात आलं होतं, पण पेटी पुरी होईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही.

"तुम्ही विचारलं नाहीत, जावईबापू."

जावयाने दातओठ खाल्ले आणि पेटीत एक चाक वाढवून दिशा फिरवली.

खरा घोळ पुढेच होता. डॅशबोर्ड लाकडी, सासरे तो आपल्या हाताने पुसायचे, त्यावर कधी साधा स्क्रू मारू दिला नव्हता. मीटर शेजारच्या सीटपुढच्या खणात बसवायचं, झाकण किलकिलं ठेवायचं आणि आपण तिरक्या नजरेने बघायचं, असा त्यांचा बेत.

"लोक गाडीत बसतात. उघडं दिसलं तर विचारतील, हे कशाला?"

"मग सांगायचं."

"काय सांगायचं?"

जावयाने तारेची गुंडाळी सोडायला घेतली. त्या घरात बहिरेपणाचा शब्द अजून कोणी उच्चारला नव्हता.

खणापर्यंत जायला तारेला दोन काटकोनात वळावं लागत होतं. "तुटेल बाबा," तो म्हणाला. मग मोठ्याने म्हणाला. मग असा ओरडला की अख्ख्या गल्लीला तारेची प्रकृती कळली. सासऱ्यांनी त्याच्या तोंडाकडे बघून शब्द जुळवले आणि म्हणाले, "नाही तुटत. ग्रीस लावा."

पहिली तार जागच्या जागी तुटली. दुसरी ग्रीस लावून घातली आणि दोघं चक्कर मारायला निघाले. वळणावर तीही गेली. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिन बोंब मारतंय, रस्त्यावरची माणसं मागे वळून बघतायत, आणि सासरे तिरक्या नजरेने खणात बघत काटा वर यायची वाट पाहतायत. काटा शून्यावर आडवा. जावई ओरडत होता, पण सासऱ्यांची नजर त्याच्या तोंडाकडे नव्हती. शेवटी त्याने मीटरवर सरळ हात ठेवला.

सासऱ्यांनी वर पाहिलं. "गिअर," जावई सावकाश म्हणाला.

त्यांनी गाडी कडेला घेतली.

"इंजिन कधीपासून ओरडत होतं?"

"वळणापासून."

"आणि तुम्ही?"

"मीही."

तुमची गाडी, तुमचं मीटर, मी चाललो, असं एक भाषण जावयाने वाटेत जुळवून ठेवलं होतं. घरी आल्यावर हत्यारं आवरायला तो वळला, तर सासरे त्याच्याच पेटीतली पेन्सिल घेऊन स्टिअरिंगच्या समोर, चकचकीत लाकडावर, गोल काढत होते.

"इथून तार सरळ जाईल?"

"पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय."

"मग पाडा भोक."

ड्रिलच्या आवाजाने सासूबाई बाहेर आल्या. सीटवर लाकडाचा भुसा बघून त्या दारातच थबकल्या. या डॅशबोर्डवर त्यांना कधी पर्स टेकवायची परवानगी नव्हती.

"हे काय आरंभलंय? कशाला हे?"

सासऱ्यांनी त्यांच्या ओठांकडे पाहिलं. जावयाने ड्रिल बंद केलं आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण सासरेच बोलले.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "म्हणून."

सासूबाईंनी किल्ली मागितली नाही. मीटर बसेपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, आणि मग मागचं दार उघडून गाडीत बसल्या.