डाव्या खिशातलं बटण

आयरीनबाई बर्केट आयुष्यात एकही शर्यत धावल्या नाहीत, पण आमच्या हेस्कडेलच्या धावण्याच्या क्लबात सगळे त्यांना टरकून असतात. वय एकाहत्तर, उंची जेमतेम पाच फूट, अंगात गेलेल्या नवऱ्याचा मेणकापडी कोट. गावच्या शाळेत तीस वर्षं त्यांनी पोरांना जेवण वाढलं, त्यामुळे समोरचा माणूस पन्नाशीचा असला तरी त्यांच्या लेखी तो ताटातली गाजरं लपवणारा कार्टाच. मी गावात औषधांचं दुकान चालवतो, चष्मा लावतो, डोक्यावर केस नाहीत. मला त्या 'पोरा' म्हणतात.

एकोणिसाव्या वर्षी त्यांना ग्रिम फेल या डोंगरावरची शर्यत धावायची होती. गावच्या हॉलपासून निघायचं, डोंगराचा माथा गाठायचा आणि परत यायचं, साडेपाच मैल. तेव्हा बायकांना नंबर मिळत नसे. नाव द्यायला गेल्या तर टेबलावरच्या गृहस्थांनी सांगितलं, "पळायचं नाही, पण आलीच आहेस तर मोजायला थांब." त्या थांबल्या, त्या बावन्न वर्षं. पुढे बायकांना परवानगी मिळाली, पण तोवर पदरी दोन पोरं होती आणि मोजण्याचं काम दुसरं कुणी धड करत नव्हतं. याचं वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं.

"वाटतं तर," त्या म्हणाल्या. "पण तुला पळताना बघितलं की जरा कमी होतं."

डोंगरावरच्या शर्यतीत पहिला कोण आला याला फार महत्त्व नसतं. सगळे परत आले का, हे महत्त्वाचं. त्यासाठी आमच्याकडे एक फळी आहे. फळीवर खिळे, प्रत्येक खिळ्यावर एक पितळी बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. परत आलं की आपला बिल्ला आपण काढून खिशात टाकायचा आणि पुढच्या सरावाला आणून द्यायचा. अर्ध्यात सोडलं तरी हॉलपर्यंत यायचं आणि बिल्ला काढायचा, मग भले रांगत या. फळी रिकामी झाली की डोंगर रिकामा.

आयरीनबाईंचा फळीवर विश्वास नव्हता. त्यांची स्वतःची पद्धत होती. जितके धावणारे तितकी बटणं कोटाच्या डाव्या खिशात. आईच्या डब्यातली जुनी बटणं, कुठे शिंपल्याचं, कुठे हाडाचं. एक माणूस आत आला की एक बटण उजव्या खिशात. बोलत असल्या, कुणाला झापत असल्या तरी तो हात चालूच.

आणि मागच्या वर्षी या पद्धतीनेच त्यांचा घात केला. फळी रिकामी, पण डाव्या खिशातलं एक बटण कुठे गेलं ते कळेना. दोन्हीकडची मोजली तर उजवीकडे एक कमी. बाईंनी सरळ बचावपथकाला फोन लावला. सोळा माणसं कामधंदा टाकून आली, नळ दुरुस्त करणारे, मास्तर, एक दाताचा डॉक्टर. चार तास पावसात डोंगर विंचरला. शेवटी बटण सापडलं ते कोटाच्या अस्तरात. खिशाला भोक होतं.

त्यानंतर वर्षभर गावाने त्यांचा पिच्छा सोडला नाही. बेकरीत, चर्चमध्ये, टपालाच्या रांगेत एकच प्रश्न, "आयरीन, खिसा शिवलास का?" त्या हसून साजरं करत. पण शर्यतीनंतरच्या महिन्यात त्यांचा रक्तदाब वाढला होता, हे मला माहीत होतं, कारण गोळ्या माझ्याच दुकानातून जात होत्या. यंदा सप्टेंबरात क्लबची बैठक झाली. पुढच्या वर्षीपासून मनगटावर बांधायचं, मोजणी करणारं यंत्र आणायचं आणि आयरीनबाईंना गुच्छ देऊन मोकळं करायचं असं ठरलं. त्यांना अजून सांगायचं नव्हतं. हात वर करणाऱ्यांत मी होतो.

आता विल्फबद्दल सांगतो. विल्फ टायसन मेंढ्या पाळतो, वय अठ्ठावन्न, एकटा राहतो, मोबाइल ठेवत नाही. अकरा वर्षं आम्ही ही शर्यत एकत्र धावतो आणि अकरा वर्षं तो माझ्याआधी येतो. थंडीत माझी बोटं बधिर होतात, बिल्ला निघत नाही, म्हणून एका वर्षी त्याने आपल्याबरोबर माझाही काढून ठेवला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. मी धापा टाकत पोचलो की तो माझा बिल्ला नाचवत उभा असायचा. "ये म्हाताऱ्या, ये! तुझ्यासाठी फळी राखून दमलो." हे नियमाविरुद्ध होतं. बाईंना ठाऊक नव्हतं आणि आम्हाला त्यात काही गैर वाटत नव्हतं.

यंदा ऑक्टोबरातल्या त्या शनिवारी एकशे आठ जण निघाले. माथ्यावर ढग उतरलेला, वारा असा की डोळे उघडे राहीनात. माथा ओलांडला तेव्हा विल्फ माझ्यापुढे दहा पावलं होता. उतारावर तो डावीकडे वळला, घळीच्या वाटेने. ती मेंढपाळांची वाट, जवळची पण निसरडी. मी डोंगरावरच्या दगडी भिंतीकडेच्या नेहमीच्या वाटेने आलो. हॉलपाशी पोचलो, फळीकडे पाहिलं, तर विल्फचा एकसष्ट नंबर तिथेच लटकत होता.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याला हरवलं होतं. खरं सांगतो, मला दुसरं काही सुचलंच नाही. दोन्ही बिल्ले काढले, खिशात टाकले आणि काय बोलायचं ते मनात जुळवत उभा राहिलो. पाच मिनिटं वाट पाहिली. दात वाजायला लागले, म्हणून दोनशे पावलांवरच्या घरी जाऊन गरम पाण्याने आंघोळ केली, कोरडे कपडे घातले, बिल्ले नव्या जाकिटाच्या खिशात टाकले आणि सूप प्यायला हॉलवर आलो. तेव्हा सव्वातीन वाजले होते.

हॉलमध्ये ओल्या मोज्यांचा आणि वाटाण्याच्या सूपचा वास कोंडला होता. टेबलाशी आयरीनबाई उभ्या होत्या, तळहात उघडा, त्यावर एक पांढरं बटण.

"एक जण वर आहे," त्या म्हणाल्या.

क्लबचा अध्यक्ष गॉर्डन डिक्सन याने कपाळावर हात मारला. "आयरीन, देवा रे! फळी बघ. एक तरी बिल्ला आहे का?"

"फळीचं मला सांगू नकोस. तुझी आलेल्यांची यादी काय म्हणते?"

गॉर्डनने यादी दाखवली. पावसाने शाई पसरली होती, पंधरा-वीस आकड्यांच्या जागी निळे डाग. "यादीचा लगदा झालाय. पण फळी तर खोटं बोलत नाही ना?"

"खिसा शिवलाय का बाई?" मागून कुणीतरी ओरडलं, आणि हॉल हसला. मीही हसलो. वर आणि म्हणालो, "आयरीनबाई, मोजताना एखादा सुटला असेल. त्या पावसात कुणाचंही चुकलं असतं."

हे बोलताना माझा हात जाकिटाच्या खिशात होता. बोटांना दोन बिल्ले लागले.

मी मान उंच करून हॉलभर पाहिलं. विल्फ दिसेना. शेजारच्याला विचारलं. "विल्फ? गेला असेल मेंढ्यांकडे. तो कधी सूपला थांबलाय?" हेही खरं होतं. विल्फ शेतावरून चालतच येतो, त्यामुळे त्याची गाडी आहे का बघायचाही प्रश्न नव्हता. मी स्वतःला समजावलं. तो आला असेल, बिल्ला जागेवर नाही हे बघून शिव्या घालत घरी गेला असेल. असंच झालं असेल. सूपचा वाडगा हातात धरून मी हेच घोकत बसलो.

तोंड उघडायचं तर सगळ्यांदेखत कबूल करायचं होतं की फळी मीच खोटी पाडली. बाईंना त्या फळीपुढे खोटं ठरवून नुकताच मी हसलोही होतो. मी पंधरा मिनिटं गप्प बसलो. ती पंधरा मिनिटं मी अजून कुणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही, बायकोलासुद्धा.

आयरीनबाई भिंतीवरच्या फोनकडे गेल्या. गॉर्डन मागोमाग गेला, आवाज खाली आणून बोलला, पण मी जवळच बसलो होतो. "आयरीन, मागच्या वर्षी सोळा माणसं आली. पुन्हा तसंच झालं तर ते आपल्या शर्यतीला उभे राहतील का? तुझं वय झालंय, यात लाज नाही. अगं, पुढच्या वर्षी तसंही यंत्र आणतोय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. त्यांना हे आत्ता कळलं होतं. उजव्या हातात फोन, डाव्या मुठीत बटण. त्यांनी डावा खिसा उलटा करून बाहेर काढला, शिवण चाचपली, पुन्हा चाचपली. बावन्न वर्षांत मी काय, कुणीच त्यांना स्वतःवर शंका घेताना पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी फोन खाली ठेवला.

मी उठलो. वाडगा सांडला. "आयरीनबाई, एकसष्टचा बिल्ला माझ्याकडे आहे. विल्फचा. मी काढला. तो आला नव्हता."

मला वाटलं बाई आता कानाखाली वाजवणार, आणि वाजवली असती तर बरं झालं असतं.

"कुठल्या वाटेने उतरला?" त्यांनी विचारलं.

"घळीच्या."

"किती वाजता?"

"दोनच्या सुमारास. ढगात."

त्यांनी फोन उचलला. आवाज अगदी स्थिर होता. घळ, वेळ, वय, अंगावर काय घातलंय, सगळं सांगितलं. फोन ठेवून हात पुढे केला. मी बिल्ला दिला. त्यांनी तो एकसष्टच्या खिळ्यावर परत अडकवला आणि फळीसमोर खुर्ची ओढून बसल्या.

चार वाजता पथक वर गेलं. मीही निघालो होतो, पण त्यांनी मला परत पाठवलं. बरोबरच होतं. मी खिडकीशी उभा राहिलो. ढग डोंगरावरच्या भिंतीपर्यंत खाली आला होता. दोन वाजल्यापासून तो माणूस अर्ध्या चड्डीत आणि पातळ जाकिटात वर पडलेला, आणि त्यातला एक तास मी गरम पाण्यात आणि गरम हॉलमध्ये काढलेला. हा हिशेब डोक्यातून जाईना. कुणी माझ्याशी बोललं नाही. पाचला बाईंनी एक चहाचा कप माझ्या शेजारी आणून ठेवला आणि परत खुर्चीत जाऊन बसल्या.

साडेपाचला पथकाच्या रेडिओवर आवाज आला. सापडला. पाय मोडलाय, गार पडलाय, पण शिव्या देतोय.

काळोख पडता पडता त्यांनी त्याला झोळीतून खाली आणलं. चेहरा राखेसारखा, ओठ निळे. मला बघून पुटपुटला, "लेका, जिंकलास काय?" मी रडत होतो, आणि त्याची लाजही वाटत नव्हती.

रुग्णवाहिकेचं दार उघडलं. "थांबा," मागून आवाज आला. आयरीनबाई फळी छातीशी धरून येत होत्या. चार फूट लांब फळी, पाच फुटांची बाई. गॉर्डन धरायला गेला तर त्याला कोपराने ढकललं.

"बाई, आम्हाला निघायला हवं," रुग्णवाहिकेतली मुलगी म्हणाली.

"अर्धं मिनिट. तो अजून परत आलेला नाही."

त्यांनी फळी विल्फच्या अंगावर वाकवून धरली. "विल्फ, तुझा नंबर. तुझ्या हाताने. दुसऱ्या कुणाच्या नाही."

चादरीखालून विल्फचा हात बाहेर आला. बोटं वाकत नव्हती. दोनदा बिल्ला निसटला. कुणी मदत केली नाही, कुणाची हिंमत नव्हती. तिसऱ्यांदा तो निघाला.

बाईंनी कोटाच्या डाव्या खिशातून पांढरं बटण काढलं आणि उजव्या खिशात टाकलं.

"एकशे आठ," त्या म्हणाल्या, आणि मग तिथेच, रुग्णवाहिकेच्या पायरीवर, मटकन खाली बसल्या.