अर्ध्या तोट्याचे धनी

व्याज नको म्हणून बँकेशी भांडणारा खातेदार साऱ्या जगात एकच झाला असेल, आणि तो रत्नागिरीत नेमका माझ्याच खिडकीवर यायचा. आम्ही त्यांना विलायतवाले चाचा म्हणत असू. वीस वर्षं इंग्लंडात बस चालवून चौऱ्याऐंशीच्या सुमाराला ते खाडीपलीकडच्या आपल्या गावी परतले होते. ऐन वैशाखात अंगात लोकरीचा कोट आणि पायात रबरी चपला. पासबुकात व्याज जमा झालेलं दिसलं की ते माझ्यापुढे सरकवून म्हणायचे, "ही ओळ खोड." ओळ खोडता येत नाही हे सांगून मी दमलो. शेवटी ते तेवढीच रक्कम काढत, मोहल्ल्यातल्या संडासांच्या दुरुस्तीला देत आणि याचं पुण्य आपल्याला नको असं बजावत. मग ते कोणाला जायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांचं बरंच काही मला कळत नसे. त्यांच्या धर्मात भाडं चालतं, व्याज चालत नाही, आणि पैसे तर दोन्हीकडे दरमहा जातात. "अरे, भाड्याच्या घराचं छप्पर उडालं तर मालकाचं उडतं," ते समजावत, "कर्जाच्या घराचं उडालं तर बँकेचं काय जातं?" मी पडलो बँकेचा माणूस. भाट्याला माझी पंचवीस हापूस कलमं होती, त्यांत चाचांनी अर्ध्या वाट्याने पैसे घातले. पहिल्याच वर्षी तुडतुड्याने मोहर खाल्ला. मी शरमून त्यांचे पैसे परत करायला गेलो, तर चाचा भयंकर दुखावले. "तोटा माजा हाय, तो तू कशाला खातोस?"

हे सगळं मला गमतीचं वाटे, ते त्यांच्या मुलाचं पत्र येईपर्यंत. मुलगा तिकडे इंग्लंडातच ओल आलेल्या भाड्याच्या खोलीत राहत होता, नातीचा दमा वाढला होता. व्याजाने कर्ज काढून घर घेतो, अब्बा, एकदा हो म्हणा, असं त्याने लिहिलं होतं. चाचांना हो म्हणवेना आणि नाहीही म्हणवेना. पत्र हातात धरून ते खिडकीशी बसून राहिले. मला त्यांची फार दया आली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "चाचा, आपल्या बागेसारखं घर नाही का घेता येत?"

चाचांनी तिथेच मुलाला उत्तर लिहायला घेतलं. मग तिकडे राहिलेली आपली सगळी पुंजी त्यांनी घालायला सांगितली, तिथल्या चार कोकणी कुटुंबांनीही हातभार लावला आणि सगळ्यांनी मिळून घर घेतलं. मुलगा भाडं देणार आणि एकेकाचा वाटा विकत घेत जाणार. घराचा फोटो आला तेव्हा मी विचारलं, यात तुमचा वाटा कुठला? चाचाही गोंधळले. बऱ्याच वेळाने त्यांनी धुराड्यावर बोट ठेवलं.

ते घर बघायला जायचं त्यांचं राहूनच गेलं. आता कलमं चांगली धरली की अर्ध्या पेट्या मी होडीने चाचींकडे पोचवतो. पण मोहर गळतो त्या वर्षी फार चुकल्यासारखं होतं. अर्धा तोटा हक्काने मागून नेणारं आता कोणी नाही.