आकडेबाईंची बटणं

पाणी खात्यातल्या त्या बाईंना सगळे आकडेबाई म्हणत. कुणाला खाडाखोड करता येऊ नये, म्हणून जुन्या साहेबांनी प्रत्येक बोअरचं ताशी पाणी वहीत इंग्रजी शब्दांत लिहायला लावलं होतं. ते शब्द वाचून कॉम्प्युटरात आकडे भरायचे, हे बाईंचं काम. चौदा वर्षं झाली. नेमणूक रोजंदारीवर, वह्या संपेपर्यंतची. वह्या अजून दोन कपाटं भरून होत्या. पेरलेल्या रानाकडे बघावं तशा बाई त्या कपाटांकडे बघत.

मग वह्यांचे फोटो घेऊन शब्द उतरवणारं यंत्र आलं. दोन्ही कपाटांतले शब्द उतरवूनही झाले; त्या शब्दांचे आकडे करणारा प्रोग्राम तेवढा हवा होता. तो लिहायला बाईंचा धाकटा दीर आला. साहेबांकडे त्याच्यासाठी शब्द टाकला होता बाईंनीच.

पहिल्याच दिवशी फजिती. 'टू थाउजंड थ्री हंड्रेड' लिटरचे प्रोग्रामने दोन लाख तीनशे केले.

"भावजी, बोअरमधून समुद्र काढलात की!" बाईंना हसू आवरेना.

साहेब हसले नाहीत. "आठ दिवसांत जमलं तर बघा. नाहीतर बाई आहेतच."

बाई आहेतच. हे दोन शब्द बाईंनी घरापर्यंत उराशी धरून नेले.

सातव्या दिवशी दीर स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसला. चेहरा उतरलेला. "वहिनी, डोकं चालेना. तुम्ही कसं करता हो?"

गप्प बसता आलं असतं. पण चौदा वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी शिवणाचा डबा ओढला आणि दोन बटणं तळहातावर घेतली.

"हे टू. थाउजंड आलं, की त्याचे हजार करून डब्यात टाकायचे. हात रिकामा. आता थ्री. हंड्रेड आलं, तर हातातल्याचीच शंभरपट. डब्याला शिवायचं नाही. तुम्ही डबासुद्धा शंभरनं गुणलात."

दीर जेवायलाही थांबला नाही.

दुसऱ्या दिवशी, समोरचा चहा निवायच्या आत, दोन्ही कपाटं संपली.

साहेबांनी दिराची पाठ थोपटली. "वा! हे सुचलं कसं?"

दिराने एकदा बाईंकडे पाहिलं, मग पडद्याकडे. "सुचलं, साहेब."

"बाई, तुम्ही महिनाअखेरपर्यंत या."

फाटकाशी दिराने गाठलं. "वहिनी, रागावलात?"

"छे हो. हजार झाले की हात रिकामा करायचा, हे नीट शिकलात तुम्ही."