‘वाढपी’ हा शब्द खोडू नका

मराठीत प्रार्थना करणाऱ्या ख्रिस्ती बंधुभगिनींनो, आपले दुखणे एकच आहे. आपल्या श्रद्धेच्या पहिल्या शतकांचा इतिहास आपल्याला परक्या भाषेत वाचावा लागतो. तो मराठीत आणणारे डॉ. दाविदराव साळवे यंदा साठ वर्षांचे होत आहेत आणि त्यांचे हस्तलिखित प्रकाशन समितीच्या कपाटात पडून आहे. कारण काय, तर एक शब्द!

सरांची पहिली भेट झाली एकोणीसशे पन्नासच्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत. मी तिथे इंजिनिअरिंग शिकत होतो. सर हायडेलबर्गला आद्य मंडळी, म्हणजे सुरुवातीचे चर्च, आणि तिचे मठ यांवर संशोधन करीत होते. आमच्या रविवारच्या मराठी उपासनेत त्यांनी प्रवचन केले आणि जेवणे होताच बाह्या सरसावून भांडी घासायला उभे राहिले.

“अहो सर, तुम्ही कशाला?”

“आज पाळी माझी. इजिप्तच्या वाळवंटातल्या मठांत कुणाची पाळी चुकत नसे. पंडिताचीसुद्धा नाही.”

पन्नाशी गाठत आलेले हे गृहस्थ तेव्हा इजिप्तच्या जुन्या ख्रिस्ती ग्रंथांची कॉप्टिक लिपी गिरवीत होते. एका क्रियापदासाठी पंधरवडा थांबायची त्यांची तयारी असे.

हस्तलिखिताची स्वच्छ प्रत करण्याचे काम त्यांनी मला दिले. ग्रीक ‘डायकोनोस’साठी, म्हणजे मंडळीतल्या डीकनसाठी, त्यांनी ‘वाढपी’ लिहिले होते. मी परस्पर ‘धर्माधिकारी’ करून टाकले.

“हा अधिकारी कुठून आला रे?”

“सर, वाढपी म्हणजे लग्नाच्या पंगतीतला वाटतो.”

“गेनाऊ! अगदी बरोबर, तोच. जेरुसलेमात विधवांना वाढताना दुजाभाव झाला, म्हणून सात माणसं नेमली. तुझा अधिकारी वरण वाढणार आहे का?”

मी तासभर वाद घातला. हरलो, पण पटले नव्हते.

पटले पुढच्या हिवाळ्यात. मी खोलीवर एकटा तापाने फणफणत पडलो होतो. दार उघडले, तर बर्फाने भिजलेले सर! हायडेलबर्गहून आगगाडीने आले होते.

“आल्झो, चल, ऊठ. वाढपी आलाय.”

पेज गरम राहावी म्हणून डबा त्यांनी स्वतःच्या मफलरात गुंडाळला होता, गळा उघडाच. बिशप म्हणजे देखरेख करणारा, प्रेस्बिटर म्हणजे घरातला वडील, डीकन म्हणजे वाढपी. मंडळीची ही सारी रचना मला त्या पेजेच्या पहिल्या घोटाबरोबर कळली.

समिती आता म्हणते, हा शब्द हलका आहे; बदला, लगेच छापतो. सरांचे उत्तर दोन वाक्यांचे होते : “छापलं नाहीत तरी चालेल. बदलू मात्र नका.” उमेदीच्या सगळ्या वर्षांचे काम एका शब्दापायी कपाटात राहू देणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

सरांना निरोगी, भरघोस आयुष्य मिळो आणि त्यांच्या हातून अजून पुष्कळांच्या पानात वाढले जावो, ही देवापाशी विनवणी. पण नुसते ‘आमेन’ म्हणून थांबू नका. सरांच्या साठीनिमित्तचा हा गौरवग्रंथ मिटा, एक पोस्टकार्ड घ्या आणि आजच समितीला एक ओळ लिहा : ‘वाढपी’ आहे तसाच छापा.