फुटलेल्या चकतीखालची बातमी

माझी धाकटी बहीण डांबरी रस्ता फोडून बघते. पोयनाडजवळ रस्त्याचा माल तपासणारी एक प्रयोगशाळा आहे, तिथे ती नोकरी करते. मी वार्ताहर. बाबांनी आयुष्यभर अलिबागच्या रस्त्यावर ट्रक चालवला आणि त्याच रस्त्याच्या खड्ड्यांवर मी कित्येक पावसाळे बातम्या दिल्या. त्यांनी एकही वाचली नाही. "खड्डे मला ठाव हायत, त्यात काय वाचाचं," असं त्यांचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात बहीण त्यांना प्रयोगशाळा दाखवायला घेऊन गेली. मला कोणी बोलावलं नव्हतं. मी स्कूटरवरून मागे गेलो.

अलिबागच्याच रस्त्यातून कापून काढलेली डांबर-खडीची जाड चकती तिने थंड कपाटातून काढून यंत्रात कडेवर उभी केली. वरून दाबलं की चकती आडवी ताणली जाते आणि मधोमध फुटते, असं तिने सांगितलं. संगणकाच्या पडद्यावर एक तुटक रेघ आधीच होती. चकती किती सोसेल आणि कशी फुटेल याचं ते तिचं गणित. खरी रेघ तिच्या शेजारून चढणार होती.

"फुटाची नाय ती," बाबा म्हणाले. "तिच्यावरून मी रेती भरून गेलोय."

"म्हणूनच फुटेल, बाबा. हरलात तर आठवडाभर बिडी बंद."

"आणि तू हरलीस तं?"

"मी आणून देईन. बंडल."

रेघ चढू लागली. कबड्डीतल्या शेवटच्या चढाईला प्रेक्षक सरकतात तसे बाबा खुर्चीच्या कडेला सरकले. बारीक आवाज झाला, चकतीत उभी भेग गेली आणि रेघ सरळ खाली आली.

"चढ जमला," बहीण म्हणाली. "उतार चुकला. माझ्या गणितात ती सावकाश फुटत होती."

"मंग परत मांड," बाबा म्हणाले. बिडीचं बंडल त्यांनी स्वतःहून तिच्या हातात दिलं. मग माझ्याकडे वळले. "तू पेपरवाला ना? हिचं छापून आण."

त्यांनी माझ्याकडे बातमी मागण्याची ती पहिली वेळ. मी नीट लिहिली. तिच्या चुकलेल्या उताराला एक अख्खं वाक्य दिलं. डेस्कने बातमी आतल्या पानावर घेतली, लहान करून, माझ्या नावाशिवाय. उताराचं वाक्य गेलं.

बाबांनी मिशीच्या कात्रीने ते कात्रण कापलं. फुटलेल्या चकतीचे दोन्ही तुकडे त्यांनी मागून घरी आणले होते. पंख्याने उडू नये म्हणून कात्रण शोकेसवर त्यातल्या एका तुकड्याखाली ठेवलं. माझ्या लिखाणातलं घरात जपलेलं तेवढंच.

पाहुणे आले की बाबा तुकडा उचलून दाखवतात. "माझ्या पोरीनं फोडला." मग कात्रण पुढे करतात. एखादा विचारतो, हे लिहिलं कोणी?

"पेपरवाल्यांनी," बाबा सांगतात.

बहुतेक वेळा मी समोरच बसलेला असतो.